स्कॅनचा पत्ता आणि पडद्यावरचा काप

वर्धा शहराला खेटून असलेल्या सिंदी या गावाचे नाव कागदोपत्री ‘सिंदी (मेघे)’ असे लिहावे लागते, कारण त्याच जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुसरे एक सिंदी आहे आणि त्याला ‘सिंदी (रेल्वे)’ म्हणतात. शेजारच्या सावंगीमागे आणि बोरगावमागेही हाच ‘मेघे’ लागतो. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहायला आले त्याचे मूळ नाव शेगाव होते. परंतु त्यांची पत्रे बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावच्या पत्रांत मिसळू लागली, आणि अखेर १९४० मध्ये गावाचेच नाव बदलून ‘सेवाग्राम’ करावे लागले. एकाच नावाची दोन ठिकाणे असली की टपाल चुकते. त्यावर एक उपाय नावाला शेपूट जोडण्याचा, दुसरा नाव बदलण्याचा, आणि तिसरा, अधिक पक्का, आकड्याचा. हा तिसरा उपाय भारतात आणणारे गृहस्थ मराठीच होते. संस्कृत नाटककार म्हणूनही ओळखले जाणारे श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी टपाल खात्यात असताना आखलेली सहा अंकी पिन पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून देशभर लागू झाली. तिच्यात पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपालाच्या वर्गीकरणाचा जिल्हा आणि उरलेले तीन अंक नेमके टपाल कार्यालय, त्यामुळे पत्रावरचे अक्षर कितीही किचकट असले तरी पाकीट योग्य पिशवीत पडते.

नावांच्या या गोंधळाचा आणि रुग्णालयातल्या स्कॅनचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. सीटी किंवा एमआरआय यंत्रातून निघालेली प्रतिमा संगणकावर उघडून दाखवणाऱ्या प्रणालीला बोलीत नुसते ‘व्ह्यूअर’ म्हणतात, आणि तिचे काम चित्र दाखवण्याचे आहे असा सर्वसाधारण समज असतो. तो अर्धाच खरा आहे. यंत्रातून चित्र निघतच नाही, आकड्यांचा तक्ता निघतो. त्या तक्त्याचा मालक कोण, तो शरीराच्या कोणत्या भागाचा, किती जाडीचा, कोणत्या बाजूने घेतलेला, ही सारी माहिती तक्त्याला घट्ट बांधून ठेवणे आणि दर वेळी त्यातून नवे चित्र रचणे हे व्ह्यूअरचे खरे काम आहे. पत्ता फाटलेले पाकीट आणि माहिती गळलेला स्कॅन यांची किंमत सारखीच.

१९७० च्या दशकात सीटी यंत्रे आली तेव्हा प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने फाइल लिहीत असे, आणि एका कंपनीच्या यंत्रावर काढलेला स्कॅन दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर उघडत नसे. म्हणून १९८३ मध्ये अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना आणि विद्युत उपकरणे बनवणाऱ्यांची संघटना एकत्र बसल्या. त्यांनी पहिले प्रमाण १९८५ मध्ये आणि सुधारित प्रमाण १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. त्या काळी दोन यंत्रे जोडण्यासाठी पन्नास पिनांची जाड केबल ठरवण्यात आली होती, हे आज गमतीचे वाटते. १९९३ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने केबलऐवजी संगणकांचे साधे जाळे धरले आणि नाव घेतले ‘डायकॉम’. आज वर्ध्याच्या आसपास, म्हणजे १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेपासून १९९० मध्ये सावंगीला निघालेल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत, विद्यार्थी ज्या प्रमाणाच्या फाइली उघडायला शिकतात ते हेच प्रमाण.

डायकॉम फाइलच्या आरंभी १२८ बाइटांची मोकळी जागा असते, तिच्यापुढे रोमन लिपीत डी, आय, सी, एम ही चार अक्षरे, आणि मग माहितीचे रकाने सुरू होतात. प्रत्येक रकान्याला चार-चार अंकांच्या जोडीचा क्रमांक असतो: ००१०,००१० म्हणजे रुग्णाचे नाव, ००१०,००२० म्हणजे रुग्णालयाने दिलेला रुग्ण क्रमांक, ००२८,००३० म्हणजे तक्त्यातल्या दोन शेजारच्या ठिपक्यांमधले मिलिमीटरमधले अंतर. रकाने संपल्यावर, अगदी शेवटी, प्रतिमेचे आकडे येतात. या रकान्यांतला सर्वांत कळीचा रकाना तपासणीच्या एकमेव क्रमांकाचा. अंक आणि टिंबे यांनी बनलेला, जास्तीत जास्त ६४ चिन्हांचा हा क्रमांक जगात पुन्हा कोणत्याही तपासणीला मिळत नाही, आणि त्याची बांधणी पिनसारखीच मोठ्याकडून लहानाकडे उतरते. डायकॉम प्रमाणाची स्वतःची ओळख १.२.८४०.१०००८ या आकड्यांनी सुरू होते. तिच्यातला ८४० हा देशांच्या क्रमांकांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला अमेरिकेचा क्रमांक, आणि त्याच यादीत भारताचा क्रमांक ३५६ आहे.

ही सगळी रचना सामान्य कुटुंबाच्या हाती येते ती एका चकचकीत सीडीच्या रूपात. सिंदी (मेघे) असो की आर्वी, फिल्म असलेले मोठे पाकीट घडी पडू नये म्हणून गादीखाली किंवा कपाटावर आडवे ठेवले जाते, आणि सीडी त्याच पाकिटाच्या तळाशी विसरली जाते. संगणकात घालून पाहिली तर तिच्यात ‘डायकॉमडिर’ नावाची एक फाइल दिसते, एक फोल्डर दिसतो आणि बहुधा एक छोटा व्ह्यूअरही असतो. फोल्डरमधल्या फाइलींची नावे आठ अक्षरांपर्यंतच असतात, सगळी मोठ्या रोमन अक्षरांत, आणि त्यांच्यामागे फाइलीचा प्रकार सांगणारे टिंबापुढचे शेपूट नसते, त्यामुळे दोनदा क्लिक केल्यावर संगणक ‘ही फाइल कशाने उघडू?’ असे विचारतो आणि घरातली मंडळी सीडी बिघडली असे समजून ती पुन्हा पाकिटात टाकतात. सीडी बिघडलेली नसते. डायकॉमडिर ही त्या फाइलींची अनुक्रमणिका असते, आणि व्ह्यूअरला फक्त तिच्याकडे बोट दाखवायचे असते. आता लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते, ही अडचण वेगळी.

सीडी बाजूला ठेवून फिल्मचा मोबाइलने फोटो काढणे आणि तो नात्यातल्या डॉक्टरला पाठवणे हा त्यामुळेच सर्वत्र रूढ झालेला मार्ग आहे. फिल्म खिडकीच्या काचेवर किंवा ट्यूबलाइटसमोर धरलेली असते, कडेला धरणाऱ्याची बोटे आलेली असतात, मधोमध दिव्याचा पांढरा पट्टा उमटलेला असतो. ते सारे चालवून घेता येईल. पण अशा फोटोत जे हरवते ते बोटांमुळे किंवा पट्ट्यामुळे हरवत नाही, ते फिल्म छापली त्याच क्षणी हरवलेले असते. हे नीट समजण्यासाठी सीटीचे आकडे पाहावे लागतात.

सीटीचा शोध लावणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे ईएमआय या ब्रिटिश कंपनीत अभियंता होते, म्हणजे मराठी घरांत ज्या ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या तबकड्या वाजत त्यांच्याच मालक कंपनीत. लंडनच्या विंबल्डन भागातील रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी झाला, आणि १९७९ मध्ये हाउन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हाउन्सफील्ड यांच्या नावाच्या मापात पाणी शून्य आणि हवा उणे १००० धरली जाते. चरबी उणे शंभराच्या आसपास येते, मेंदूचा पेशीसमूह साधारण अधिक २५ ते ४० च्या दरम्यान, ताजे साकळलेले रक्त ५० ते ७०, आणि घट्ट हाड हजाराच्या घरात किंवा वर. यंत्र एका ठिपक्यासाठी सहसा ४०९६ वेगवेगळ्या किमती नोंदवू शकते, तर साधा पडदा करड्या रंगाच्या २५६ छटाच दाखवतो.

आता मोटारसायकलवरून पडलेल्या एखाद्या माणसाच्या डोक्याचा काप डोळ्यांसमोर आणावा. (येथे ‘काप’ म्हणजे शरीराची आडवी पातळ चकती, काकडीचे काप करावेत तशी, फक्त सुरी क्ष-किरणांची.) ४०९६ किमती २५६ छटांत सरसकट वाटल्या तर एका छटेत सोळा किमती कोंबल्या जातात. मेंदू ३५ आणि रक्त ६० धरले तर त्यांच्यातला पंचवीसचा फरक जेमतेम एक-दोन छटांचा उरतो, आणि डोळ्याला तो दिसतच नाही; कवटी पांढरी, आतले सारे एकसारखे करडे, आणि रक्तस्राव असूनही नसल्यासारखा. म्हणून व्ह्यूअरमध्ये ‘विंडो’ नावाची सोय असते. ही विंडो म्हणजे आकड्यांच्या लांब पट्टीवर सरकवता येणारी झरोक्यासारखी चौकट. तिची रुंदी ८० आणि मध्य ४० ठेवला तर शून्याखालचे सर्व काही काळे, ८० वरचे सर्व काही पांढरे, आणि सगळ्या २५६ छटा फक्त मधल्या ऐंशी किमतींसाठी मोकळ्या होतात. तोच पंचवीसचा फरक मग ऐंशी छटांइतका ठळक होतो आणि कवटीच्या आत चंद्रकोरीसारखा पांढरा पट्टा उमटतो. माऊसचे बटण दाबून हात आडवा हलवला की बहुतेक व्ह्यूअरमध्ये चौकटीची रुंदी बदलते, उभा हलवला की मध्य बदलतो. रुंदी २००० च्या आसपास नेली की मेंदू सपाट राखाडी होतो आणि त्याच कापात कवटीची बारीक चीर उघडी पडते. छातीच्या कापात मध्य उणे ६०० आणि रुंदी १५०० केली की एरवी काळीकुट्ट दिसणारी फुप्फुसे रक्तवाहिन्यांच्या जाळ्यासह दिसू लागतात.

फिल्मवर यातल्या एक-दोन चौकटीच छापून येतात. छापताना निवडलेली चौकट मेंदूसाठी असेल तर चीर त्या फिल्ममध्ये नसतेच, आणि फोटो कितीही महागड्या मोबाइलने काढला तरी ती परत येत नाही. सीडीतल्या फाइलीत मात्र सगळे आकडे शाबूत असतात. दोन वर्षांनी उघडले तरी विंडो हवी तशी फिरवता येते. कुटुंबे फिल्म जपतात आणि सीडी हरवतात. शहाणपण उलट करण्यात आहे.

मोजमापाचे तसेच आहे. विदर्भातल्या उन्हाळ्यात मुतखड्याचे रुग्ण वाढतात आणि खडा किती मिलिमीटरचा आहे यावर तो पाण्याने पडून जाईल की दुर्बिणीने काढावा लागेल हे बरेचसे ठरते. सीटीच्या एका कापात आडवे ५१२ आणि उभे ५१२ ठिपके असतात. तपासलेला भाग ३६ सेंटिमीटर रुंद असेल तर एक ठिपका सुमारे ०.७ मिलिमीटरचा पडतो. हे अंतर फाइलीच्या रकान्यात लिहिलेले असल्यामुळे व्ह्यूअरमध्ये खड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढली की आकडा लगेच मिलिमीटरमध्ये येतो. प्रतिमा साध्या फोटोच्या स्वरूपात जतन केली की हा रकाना गळून पडतो, आणि मग खडा डाळीएवढा की हरभऱ्याएवढा हे अंदाजावर सोडावे लागते.

काप आडवे घेतलेले असले तरी शरीर समोरून किंवा कडेनेही पाहता येते. भाकरींची चळत सुरीने वरून खाली कापली तर कापलेल्या बाजूवर प्रत्येक भाकरीची कड एकाखाली एक दिसते; व्ह्यूअर हेच आकड्यांच्या बाबतीत करतो आणि आडव्या कापांतून उभे काप रचतो. भाकरी जाड असतील तर कडेला पायऱ्या दिसतील, त्याचप्रमाणे पाच मिलिमीटर जाडीच्या कापांतून रचलेला मणका दातेरी दिसतो आणि एक मिलिमीटरहून कमी जाडीच्या कापांतला सलग. याची किंमत जागेत मोजावी लागते: एक काप सुमारे अर्धा मेगाबाइटचा, आणि पातळ कापांची संख्या चारशेवर गेली की एकाच तपासणीला दोनशे मेगाबाइट लागतात. जुन्या संगणकावर माऊसचे चाक फिरवताना काप अडखळतात त्याचे कारण बहुधा येथेच असते.

असे काम करणाऱ्या प्रणाली पूर्वी यंत्राबरोबरच विकत घ्याव्या लागत आणि त्या यंत्राच्या खोलीतल्या कॉन्सोलवरच, म्हणजे यंत्र चालवण्याच्या संगणकावरच चालत. २००४ च्या सुमारास जिनिव्हाशी संबंधित आंत्वान रोसे आणि उस्मान रातिब या डॉक्टरांनी ॲपलच्या संगणकांसाठी ‘ओसिरिक्स’ ही प्रणाली मोफत आणि खुल्या स्वरूपात दिली, आणि क्ष-किरणतज्ज्ञांच्या घरच्या टेबलावर स्कॅन उघडू लागले. पुढे तिच्याच खुल्या भागातून २०१५ मध्ये ‘होरोस’ निघाली. ब्राझीलमधल्या सरकारी रुग्णालयांना महागड्या प्रणाली परवडत नसल्याने तेथील एका सरकारी संशोधन केंद्राने २००१ पासून ‘इनवेसालियस’ घडवली. जिनिव्हाच्या रुग्णालयात घडलेली ‘वीसिस’, पोलंडची ‘रेडियंट’ आणि बल्गेरियाची ‘मायक्रोडायकॉम’ या विंडोजवर चालणाऱ्या प्रणाली आता जगभर वापरल्या जातात. एखादी प्रणाली मोफत मिळते म्हणून ती निदानासाठी मान्य झाली असे मात्र नव्हे. भारतात १ एप्रिल २०२० पासून निदानासाठी वापरली जाणारी संगणक-प्रणालीही कायद्याने वैद्यकीय उपकरणच ठरते, आणि अनेक मोफत व्ह्यूअर उघडताना पहिल्याच पानावर आपण केवळ पाहण्यापुरते आहोत असे सांगून हात झटकतात. पडद्याचाही प्रश्न असतो: करड्या छटा किती उजेडात कशा दिसाव्यात याचे डायकॉमच्या चौदाव्या भागात स्वतंत्र माप दिलेले आहे, आणि घरगुती पडदे त्याला क्वचितच उतरतात.

या व्यवहारात महाराष्ट्राचा वाटा दोन ठिकाणी ठळक आहे. पहिले पुणे. १९८८ मध्ये तेथे स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आरोग्यविषयक संगणकीय प्रमाणांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र आहे. केंद्र सरकारने २०१३ मध्ये जाहीर केलेल्या आणि २०१६ मध्ये सुधारलेल्या आरोग्य नोंदींच्या प्रमाणांत प्रतिमांसाठी डायकॉमच धरलेले आहे. दुसरे मुंबई. तेथे २०१६ मध्ये निघालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीने डोक्याचा सीटी वाचून रक्तस्राव किंवा कवटीची चीर हेरणारी संगणकीय पद्धत तयार केली, २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि पडताळणीसाठी वापरलेले ४९१ सीटी नावे पुसून सर्वांना खुले केले. ज्याला विंडो फिरवण्याचा सराव करायचा आहे अशा विद्यार्थ्याला हे स्कॅन घरी बसून उघडता येतात. नावे पुसणे हे व्ह्यूअरचेच एक काम आहे, आणि ते दिसते तितके सोपे नाही: रकान्यातले नाव एका आदेशाने जाते, पण सोनोग्राफीच्या प्रतिमेत नाव अनेकदा ठिपक्यांतच उमटलेले असते आणि तेवढा भाग हाताने झाकावा लागतो.

नावाच्या रकान्यात मराठी माणसाची खरी अडचण लिपीची आहे. डायकॉममध्ये जपानी, कोरियन, थाई, अरबी, हिब्रू अशा लिप्यांसाठी स्वतंत्र संकेत फार पूर्वीपासून आहेत. देवनागरीसाठी तसा स्वतंत्र संकेत नाही. युनिकोडचा एक संकेत आहे आणि त्याच्या आधारे देवनागरी नाव लिहिता येते, परंतु कॉन्सोलवर रोमन कळफलकच असतो, म्हणून नाव रोमनमध्येच पडते. वानखेडे हे आडनाव एका तंत्रज्ञाने ‘एच’सह आणि दुसऱ्याने ‘एच’ गाळून लिहिले की संगणकाच्या लेखी ती दोन आडनावे होतात. मधले नाव वडिलांचे की पतीचे, यावरूनही एकाच बाईच्या दोन नोंदी पडतात. टंकण्याची चूक टाळण्यासाठी नोंदणीच्या खिडकीवर लिहिलेले नाव जाळ्यातून थेट कॉन्सोलवर उतरवण्याची सोय डायकॉममध्ये आहे. मात्र खिडकीवरच चूक झाली तर ती तितक्याच इमानाने पुढे जाते.

येथे सिंदीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. तपासणीचा क्रमांक जगात एकमेव असला तरी रुग्णाचा क्रमांक प्रत्येक रुग्णालयाचा आपापला असतो. एकाच बाईच्या डोक्याचा एक सीटी सावंगीला आणि दुसरा सेवाग्रामला झाला असेल तर दोन्ही सीड्या एका व्ह्यूअरमध्ये घातल्यावर यादीत दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात. क्रमांक कोणी दिला हे सांगणारा ००१०,००२१ हा रकाना प्रमाणात आहे. तो भरलेला असला तर निदान गावामागच्या ‘मेघे’चे काम करतो. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला प्रत्येक व्यक्तीचा स्वतंत्र, चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक ही अडचण मुळातच मिटवू शकतो, पण त्यासाठी तो स्कॅनच्या वेळी नोंदवला जावा लागतो. जन्मतारखेवरून जुळवावे तर ग्रामीण भागातल्या वयस्क रुग्णांना वयाचा अंदाजच सांगता येतो, आणि त्यावरून भरलेल्या तारखांत १ जानेवारीची गर्दी असते. अशा वेळी क्ष-किरणतज्ज्ञ दोन्ही स्कॅन पडद्यावर शेजारी-शेजारी मांडतो, विंडो हाडांवर नेतो आणि भुवयांच्या वर, कपाळाच्या हाडात असलेल्या पोकळीची कडा पाहतो. तिची वळणे प्रत्येक माणसाची निराळी असतात, न्यायवैद्यकात त्यांवरून ओळख पटवली जाते, आणि दोन्ही स्कॅनमध्ये ती वळणे जुळली की तो यादीतल्या दोन ओळी एकाच नावाखाली घेतो.